चुलीवर वाळवलेली शटलं

आधीच सांगते, माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट कळलं नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले, त्यानंतर हातात पेनापेक्षा जाळं विणायची सुई जास्त राहिली. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. हेमाच्या खोलीत एक वही मिळाली. पुढच्या पानांवर तिच्याकडे खेळायला येणाऱ्या मुलांची हजेरी, मागची पानं कोरी. त्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. कुणी वाचलंच तर चुका पोटात घालाव्यात.

हेमा माझी नणंद. तिला जाऊन सात आठवडे झाले. शेवटचे आठ महिने मी तिच्याजवळ बोईसरजवळच्या सरावलीला, तिच्या खोलीत राहिले होते, आणि ती गेली नेमकी त्याच दिवशी घरचं बघायला म्हणून सातपाटीला आले होते. दुपारी आम्ही बायका वाळत घातलेले बोंबील उलटत होतो. मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसातला कारकून चालत येताना दिसला. एरवी तो लांबूनच हाका मारत येतो. त्या दिवशी काही न बोलता अगदी जवळ येऊन उभा राहिला. हेमाच्या शेजारच्या यादवभाभींनी बोईसरहून फोन केला होता. मी त्याला म्हटलं, "सुटली." बाकीच्या बायकांनी माझ्याकडे बघितलं, कुणाला ते आवडलंही नसेल. पण पोटातल्या त्या दुखण्यानं तिचे काय हाल केले ते मी बघितलं होतं. आधी मला बरं वाटलं, रडू मागून आलं. हे खरं आहे म्हणून लिहिते.

मी लग्न होऊन सातपाटीला आले तेव्हा हेमा सहा वर्षांची होती. माझे मालक आणि ती, दोघांत वयाचं बरंच अंतर. सासूबाई आठवड्यातून दोनदा पाटी घेऊन बोईसरच्या कॉलनीत मासळी विकायला जायच्या. सातपाटीहून एसटीनं पालघर, तिथून गाडीनं बोईसर, मग पायी. हेमा शेपटासारखी मागे. कॉलनीत साहेब लोकांचा क्लब होता, त्यात लाकडी जमिनीचा मोठा हॉल. सासूबाईंचा हिशेब होईपर्यंत ही त्या हॉलच्या खिडकीला लोंबकळायची. आत बॅडमिंटन चालायचं. क्लबवाले त्या पिसाच्या चेंडूला शटल म्हणायचे, आमच्याकडे सगळे फूल म्हणायचे.

सबनीस सर तिथल्याच एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायला होते. तरुणपणी स्वतः चांगले खेळलेले. संध्याकाळी ते कॉलनीतल्या मुलांना फुकट शिकवायचे. हेमा दहा वर्षांची असेल. एक दिवस त्यांनी तिला खिडकीतून विचारलं, "रोज काय बघतेस गं?" ही म्हणाली, "तो निळा शर्टवाला हाय ना, तो सारखा एकाच बाजूला मारतो. समोरच्याला कळत कसं नाय?" सर म्हणाले, "उद्यापासून आत ये. चपला बाहेर काढ." तिला चपला नव्हत्याच.

सुरुवातीची दोन वर्षं तिनं नुसती शटलं उचलली आणि मोडकी शटलं मारली. मग सर तिला खेळवायला लागले. क्लबच्या मेंबरांना ते आवडलं असं नाही. एका साहेबांची मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, हिच्या रॅकेटला बोंबलाचा वास येतो. हेमा तिला अकरा-दोन अशी हरवून आली आणि जाळीपाशी जाऊन म्हणाली, "वास तुला लगेच कळतो, मंग फूल कुठं पडनार ते का नाय कळत?" ही गोष्ट तिनं घरी येऊन सांगितली तेव्हा सासूबाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि लगेच ताटात जास्तीचं पापलेट वाढलं.

गावात मात्र थट्टाच जास्त. आमच्याकडे मुलगी बारा-तेराची झाली की बाजाराला बसते, नाही तर सुकवायच्या कामाला लागते. ही रोज बोईसरला. विहिरीवर एक म्हातारी मला मुद्दाम म्हणायची, "तुझी ननंद कोंबड्याची पिसं मारते म्हनं. त्यात कोंबडी पन देतात काय?" मला तसंही चारचौघांत बोलता येत नाही. पण हेमाची जी काही तयारी घरात व्हायची ती माझ्या हातून व्हायची. पहाटे चारला मी तिला उठवायची. ओहोटी असेल तर ती ओल्या वाळूवर पळायची, भरती असेल तर वरच्या कोरड्या वाळूत, जिथे पाय रुततात. सरांनी एक चिठ्ठी लिहून दिली होती: दूध, अंडी, केळी, तळलेलं बंद. सणाच्या दिवशी सगळं घर तळलेलं खायचं आणि ही उकडलेलं अंडं सोलत बसायची. नारळी पौर्णिमेला सगळ्या पोरी नटून किनाऱ्यावर नाचायला, ही ठाण्याला सामन्याला. माझ्या मुलाच्या बारशाला आली, पाळण्यात वाकून बघितलं, "नाक दादाचं हाय," म्हणाली आणि पाच वाजताच्या एसटीनं गेली. मला तेव्हा राग आला होता. नंतर कळलं, तिला जाणं आवडायचं असं नव्हतं. एकदा म्हणाली होती, "वयनी, एक दिवस नाय खेळले तर मला कळतं. दोन दिवस नाय खेळले तर सरांना कळतं. तीन दिवस झाले की समोरचीला कळतं."

सामन्याला निघताना तिला मागून कुणी हाक मारलेली चालायची नाही. होडीवर जाणाऱ्या माणसाला आम्ही मागून हाक मारत नाही, कुठे चाललास असं विचारत नाही, तेच तिनं स्वतःला लावून घेतलं होतं. डबा राहिला तरी मी हाक न मारता पळत पुढे जाऊन हातात द्यायची. हरून आली तर जेवून सरळ झोपायची. जिंकून आली तर मात्र चिडचिड करायची, जिंकताना काय काय चुकलं ते भिंतीकडे तोंड करून हातवाऱ्यांनी दाखवत बसायची. सासूबाई म्हणायच्या, "हिचं सगळं उलटं हाय. हिला हरू दे, म्हंजे घरात शांती राहील."

आता जे लिहायचं आहे ते सतरा वर्षं हेमा आणि सर सोडून कुणाला ठाऊक नव्हतं…

हेमा सतरा वर्षांची होती. पावसाळ्याचे दिवस, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, घरात पैशाची ओढ. ठाण्याला निवड सामने होते आणि मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचे साहेब ते बघायला येणार होते. त्यांना आपल्या संघासाठी एक मुलगी नोकरीवर घ्यायची होती. खेळायचं आणि खेळण्याचाच पगार. आमच्या घरात तोवर पगार हा शब्दच नव्हता. सरांनी मुंबईहून स्वतःच्या पैशानं चांगल्यातली शटलं आणली, सहा डबे, एकेका डब्यात बारा. सामन्यात त्याच बनावटीची असणार होती. ती हलकी-जड कशी उडतात ते हाताला कळावं म्हणून शेवटचे दोन आठवडे तिनं त्यांनीच सराव करायचा. सरांना आठ दिवस गावी जायचं होतं. डबे क्लबात ठेवले तर साहेब लोक मारून संपवतील, म्हणून त्यांनी ते हेमाजवळ घरी दिले.

पावसाळ्यात आमच्या घरात काय होतं ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. मीठ वितळतं, काडेपेटी पेटत नाही, पापडाला बुरशी येते. ओलं राहिलं की सडलं, हे मला आईच्या पोटातून ठाऊक. हेमा सकाळी कॉलनीत गेली होती. डब्यांना ओल तर नाही ना लागली, म्हणून मी एक उघडून बघितला. आत स्पंजचा तुकडा होता, आणि तो ओला. दुसरा उघडला, त्यातही तेच. मला वाटलं, पाणी शिरलं. सरांनी पगारातून आणलेली वस्तू आणि आमच्या घरात येऊन सडणार. मी सगळीच्या सगळी शटलं बाहेर काढली. चुलीवर आम्ही जुनी जाळी टांगतो, पावसाळ्यात सुकी मासळी त्यावर ठेवली की ती कडक राहते. मासळी उतरवली, जाळी पुसली आणि त्यावर बहात्तर शटलं एकेक करून मांडली. दिवसभर खाली विस्तव ठेवला. तिन्हीसांजेला हात लावून बघितला तर कशी खुटखुटीत कोरडी झाली होती. मी ती परत डब्यांत भरली, स्पंजचे तुकडे फेकून दिले. आपण काही तरी चांगलं केलं असं मला वाटत होतं. सांगायचं पण सुचलं नाही, कारण घरात मासळी सुकवली हे काय कुणी कुणाला सांगतं?

दुसऱ्या दिवशी ती दोन डबे घेऊन गेली आणि दुपारच्या आतच परत आली. मी अंगणाकडच्या पडवीत जाळं दुरुस्त करत होते.

"वयनी, या डब्यांत ओल्या स्पंजचा तुकडा होता. तो कुठं गेला?"

"टाकला. पानी शिरलं होतं गं डब्यांत. सगळी काढून चुलीवर सुकवली. बघ आता, कशी कडक झालीत."

तिनं उरलेल्या डब्यांतून एक शटल काढलं, दोन बोटांत पीस धरलं आणि जरासं दाबलं. वाळक्या काडीसारखं मोडलं. दुसऱ्या डब्यातलं काढलं, तेही तसंच. सहाही डबे बघून झाल्यावर ती माझ्यासमोर उकिडवी बसली.

"तो स्पंज सरांनी ठेवला होता," ती म्हणाली. "पिसं ओलसर राह्यली पायजेत. सुकली की पयल्या फटक्याला मोडतात."

माझ्या हातातली सुई तिथेच राहिली. "आता गं?"

"आता काय. बिना फुलाचं खेळायचं." मग म्हणाली, "आईला सांगू नको. दादाला पन नको. उगाच घर डोक्यावर घेतील."

त्यानंतरचे तेरा दिवस ती क्लबातल्या टाकून दिलेल्या शटलांनी खेळली, आणि घरी पडवीत काहीच नसताना खेळली. रॅकेट हातात, समोर कुणी नाही, वर फूल नाही. पाय पुढे, मागे, तिरके, उडी. तास तास. मी जाळं विणत बसलेली आणि ती हवेला मारते आहे. प्रत्येक फटक्याचा सपकन आवाज यायचा आणि तो मला माझ्या पाठीत बसल्यासारखा वाटायचा. विहिरीवरची म्हातारी येऊन बघून गेली. "पोरीला लागीर झालं काय गं?" म्हणाली.

निवडीत ती शेवटच्या सामन्यात हरली. तिसऱ्या डावात, नऊ-अकरा. नोकरी समोरच्या मुलीला मिळाली. गावात बायका म्हणाल्या, एवढी पळापळ करून काय पदरात पडलं? सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मालक म्हणाले, पुरे झालं, आता बाजाराला बस. हेमानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. माझं नाव तिनं काढलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. उघडायला हवं होतं… पण माझ्यात तेवढी हिंमत नव्हती. शेवटी सर स्वतः सातपाटीला आले, मालकांशी दोन तास बोलले आणि तिला आणखी दोन वर्षं मिळाली. त्या दोन वर्षांत ती बाजाराला बसायचीही आणि खेळायलाही जायची. मला रोज दिसायचं की ही दोन वर्षं माझ्यामुळे आहेत. ती पहाटे उठली की मला दिसायचं, पाटी डोक्यावर घेतली की दिसायचं.

त्या दोन वर्षांत मी दुसऱ्यांच्या होड्यांची जाळी विणून पैसे बाजूला टाकले. सहा डब्यांचे तीनशे साठ रुपये, हेमाकडूनच किंमत काढून घेतली होती. एक दिवस सासूबाईंबरोबर पाटी घेऊन कॉलनीत गेले, सरांचं दार वाजवलं आणि पदराची गाठ सोडून पैसे पुढे केले. शटलांचं काय झालं ते हेमानं त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. सर एकदम मागे सरले. "वहिनी, मला लाजवू नका. तुम्ही काळजीनं केलंत. डब्यात स्पंज आहे हे मीच सांगायला हवं होतं." पैसे परत माझ्या हातात ठेवले आणि वर त्यांच्या बायकोनं एक लाडू. तो लाडू मी रस्त्यात गाईला घातला. गोड बोलून त्यांनी मला मोकळं केलं असं त्यांना वाटलं असेल, पण मी जास्तच अडकले. पुढेही दोनदा नेऊन बघितले. तसेच परत आले. ते पैसे मी पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवले. घरात कितीही ओढ झाली तरी त्यांना हात लावला नाही.

दोन वर्षांनी हेमाला त्याच कंपनीत नोकरी लागली. मुंबईत दोन खेळाडू मुलींबरोबर एका खोलीत राहायची. सकाळी सराव, दुपारी ऑफिसात टेबलावर, संध्याकाळी परत सराव. लोकांना वाटायचं, मजा आहे, खेळायचे पैसे मिळतात. पण पगार जिंकण्याचा होता. दोन सामने हरली की साहेब बोलावून विचारायचे. मागून येणारी पंधरा-सोळाची पोर कोपऱ्यात उभी राहून हिची जागा कधी रिकामी होते ते बघत असायची, आणि हिलाच तिच्याबरोबर सराव करावा लागायचा. गुडघ्यात पाणी झालं तर सांगायची सोय नाही. सुट्टीला आली की मी गरम मिठाच्या पुरचुंडीनं तिचा गुडघा शेकायची. ओठ दाबून बसायची. "दुखतं काय गं?" विचारलं की म्हणायची, "दुखू दे. त्याला पन पगार मिळतो." लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "पाटे चारला उठून डबा करनारा नवरा बघा, लगेच उभी राहते."

तिचा सामना मी आयुष्यात एकदाच बघितला, मुंबईत. एवढ्या माणसांत मला बसवेना म्हणून खांबाआडची जागा धरली. हेमा तीन-नऊ अशी मागे होती. तिच्याकडे बघितलं तर तिचा चेहरा बाजारात मासळीचे वाटे लावताना असतो तसा, ना राग, ना घाई. शटल बदलून घेतलं, पीस बोटानं नीट केलं, कपाळ पुसलं, सर्व्हिस केली. हळूहळू तिनं तो डाव बारा-दहा घेतला आणि पुढचाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, हरत होतीस तेव्हा मनात काय होतं?

"कायच नाय. ती किती दमलीय ते मोजत होते."

"आणि आधीचे गेले ते पॉइंट?"

"गेले ते गेले, वयनी. मागचं मोजायला लागलं की पाय जड होतात."

तेव्हाच विचारायला हवं होतं मी, की मग माझी ती शटलं? तीही गेली का? तोंडाशी आलं होतं. ती पाणी प्यायली आणि आम्ही वडापाव खायला गेलो.

अठ्ठाविसाव्या वर्षी गुडघ्यानं साथ सोडली. कंपनीनं तिला टेबलावरच ठेवलं असतं, पण तिला ते नको होतं. नोकरी सोडून तिनं सरावलीला खोली घेतली आणि कामगारांच्या मुलांना शिकवायला लागली. दोन चाळींच्या मधे मोकळी जागा, तिथे बांबू रोवून जाळी बांधलेली. वारा सुटला की शटल भलतीकडेच. ती मुलांना म्हणायची, "हवा को गाली मत दो, हवा दोनों तरफ है." यादवभाभींच्या दोन्ही मुली तिच्याकडे. सर तोवर निवृत्त होऊन पालघरला राहायला गेले होते. रविवारी येऊन खुर्चीवर बसायचे आणि चुका काढायचे, मुलांच्याही आणि तिच्याही. ही सहा वर्षं तिची सुखाची गेली असं मला वाटतं. भजी खायची, सकाळी सातपर्यंत झोपायची. मला म्हणाली होती, "वयनी, झोप एवढी चांगली असते हे मला कुनी सांगितलंच नाय."

मग ते दुखणं आलं. मी तिच्याजवळ जाऊन राहिले. दुखणंही ती खेळल्यासारखंच सोसायची. एक कळ आली की दात खाऊन ती जाईपर्यंत थांबायची, गेली की लगेच दुसऱ्या विषयावर बोलायची. एका दुपारी मी तिचे पाय चेपत होते. बरं वाटत होतं तिला त्या दिवशी. मला काय झालं कोण जाणे, मी एकदम म्हटलं, "हेमा, मी ती फुलं चुलीवर घातली नसती तर तुझी दोन वर्षं फुकट गेली नसती. त्या वर्षीच तुला नोकरी लागली असती."

तिनं उशीवरून डोकं उचललं. "तू अजून तिथंच हायस?"

मी तिची टाच दाबत राहिले.

"ऐक. त्या म्याचला तिसऱ्या डावात मी नऊ-सात पुढं होते. सर्व्हिस माझी. मला वाटलं, जिंकले. सर्व्हिस करायच्या आधी मी मान वळवून बघितलं, कंपनीचा सायेब कुठं बसलाय, बघतो काय माझ्याकडं. तेवढंच. ती सर्व्हिस जाळीत गेली. मंग तिनं ओळीनं चार पॉइंट घेतले, आनि मी नुसती सायबाचा विचार करत पळत राह्यले. फुलांनी नाय हरले मी. मान वळवली म्हनून हरले."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"हरलेली म्याच मी कुनालाच सांगत नाय. सरांना पन नाय सांगितली. मला काय ठाऊक तू ती तुझ्या पोटात ठेवलीस." मग हसली. हसताना तिला दुखलं, तरी हसली. "माझी हार तू सतरा वर्षं सांबाळलीस, वयनी. दे परत."

मी तिच्या पायावर डोकं ठेवून रडले. ती माझ्या केसांतून हात फिरवत होती आणि मधेच म्हणाली, "पाय चेपायचं थांबवू नको."

त्या रविवारी सर आले तेव्हा तिनं त्यांना खाटेजवळ बसवलं. ते तिचे गुरू, पण ती त्यांना ओरडल्यासारखी बोलली. "सर, वयनीचे पैसे घ्या तुमी. फुलं तिनं जाळली, तिनं भरायची. तुमी माफ केलं म्हनून ती अडकून राह्यली. म्याच अर्धी सोडून कुनी घरी जातं काय?" सरांनी नुसती मान हलवली. मला वाटलं, आजाऱ्याचं मन राखलं. त्यानंतर पंधरा दिवसांत ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर मी खोली आवरायला सरावलीला आले. आल्या संध्याकाळी बघते तर मुलं येऊन उभी. कुणी सांगितलं नव्हतं, पाच वाजले म्हणून आली. यादवभाभींची मोठी मुलगी लहान मुलांना खेळवायला लागली, हेमाच्याच आवाजात दटावत होती. जाळी दोन ठिकाणी फाटली होती, शटल त्यातून आरपार जायचं. मी सुई आणि दोरा काढला आणि बसल्या बसल्या ती विणून टाकली. आता दर आठवड्याला येते. मला खेळातलं काही कळत नाही, पण जाळीतलं कळतं. घरचे म्हणतात, खोली सोडून दे. इतक्यात नाही सोडणार.

गेल्या सोमवारी पावडरचा डबा उघडला, पैसे घेतले, इतकी वर्षं लावली म्हणून वर दहाची एक नोट ठेवली आणि सरांच्या पालघरच्या घरी गेले. नोटा इतकी वर्षं पडून मऊ झाल्या होत्या. सर व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी पैसे टेबलावर ठेवले आणि बाजूला उभी राहिले. आतून त्यांच्या बायको आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, त्यांच्याकडून कसले पैसे घेताय? आणि ते पण आत्ता?"

"तू चहा टाक," सर म्हणाले. "हे आमच्या दोघांचं आहे."

त्यांनी चष्मा लावला. बोटाला थुंकी लावून एकेक नोट मोजली. मोजून झाल्यावर परत एकदा मोजली आणि वरची दहाची नोट काढून माझ्यापुढे सरकवली. "हे दहा जास्त आले आहेत. तीनशे साठ होते."

मी ते दहा परत घेतले. सर बाकीचे घेऊन आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. बाहेर आले ते रिकाम्या हातांनी.

"मिळाले," ते म्हणाले. "पूर्ण मिळाले."

मी खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत त्यांच्या घरी मी कधी बसले नव्हते. चहा आला, तो सगळा प्यायले.